एक मशीन, चार गोधड्या आणि खाली पडणारं दोऱ्याचं जाळं

वेचणीवाली
नमस्कार मंडळी. तूर घरात आली, हरभरा सोंगून झाला, आता मृगापर्यंत शेतात जाणं कमी. म्हणून माळ्यावरची गाठोडी खाली काढली आणि नेहमीसारखी चार कामं एकदम अंगावर घेतली.

नणंदेची मुलगी बाळंतपणाला येणार, ज्येष्ठातली तारीख आहे. तिच्यासाठी दुपटी आणि एक लहान गोधडी. सासऱ्यांना खाटेवर अंथरायला जाड पाहिजे, सहा थरांची. पातळ दिली तर सुतळी टोचते म्हणतात. आईची लुगडी आमच्या तिघी बहिणींनी जपून ठेवली होती, त्यांची एक मोठी करून धाकटीला द्यायची. आणि शेजारच्या काकूंनी मोबाईलवर चौकटी-चौकटींची एक पाहिली, तेव्हापासून ‘अशीच करून दे’ म्हणून मागे लागल्या आहेत.

मशीन जुनी काळी, पायावरची. तिला मोटर लावून घेतली आहे. दुपटं घातलं की टाका सुरेख येतो. त्याच मशीनवर गोधडी घातली की चार बोटं शिवून होत नाही तर खाली दोऱ्याचं जाळं. वरून काही कळत नाही, उलटून पाहिलं की जीव जातो. खालच्या दोऱ्याची बॉबीन बदलली, ती बसते त्या बॉबीन केसचा स्क्रू पिळून पाहिला, सुई नवीन लावली. आता परत दुपटं घेतलं तर तेही चुण्या धरून राहिलं! तालुक्याला दाखवून आणली, त्यांनी तेल घालून परत दिली. एवढंच.

तर आधी हे जाळं कशानं पडतं ते सांगा. आणि चार कामं एका मशीनवर तुम्ही कशी रेटता तेही सांगा, कारण माझं एक धड होत नाही.

पायमशीन
ताई, त्या बॉबीन केसच्या स्क्रूले हात लावू नका आता. जेवढा पिळला असंन तेवढा परत आणा. खाली जाळं पडते तं बिघाड वरत असते. मशीनचं हे उलटं हाय, नवीन माणसाले पटत नाही, पण तसंच हाय.

कारण सांगतो. सुई खाली गेली का शटल, म्हंजे खालचा फिरता आकडा, वरच्या दोऱ्याचा फास धरते, बॉबीन केसवरून फिरवते अन सोडून देते. मंग तोंडाजवळची वरखाली होणारी दांडी तो फास वढून घेते. टेन्शनच्या, म्हंजे वरच्या दोऱ्याले ताण देणाऱ्या चकत्याइमंदी दोरा दाबून बसला नसंन तं दांडी नुसती रिळातून नवा दोरा वढते, खालचा फास लटकून रायते. दहा टाक्याइचे दहा फास लटकले का झालं तुमचं जाळं.

दोरा ओवतानी मशीनचा पाय, कापड दाबते तो, वर उचलेला पाह्यजे. पाय वर असला का चकत्या उघडतात, दोरा मंदात जाऊन बसते. पाय खाली ठेवून ओवला तं दोरा चकत्याइच्या कडेवरच फिरत रायते. अन शिवतानी पाय खाली. आता पाहा, तुमची गोधडी जाड. तिच्यावर पाय टेकल्यासारखा दिसते, पण पाय उचलाची मागची दांडी वरच रायली असते. चकत्या उघड्या, टेन्शन नाही, जाळं. दुपट्यावर असं होत नाही, कारण तिथं पाय वर रायला तं डोयाले दिसते.

सरकी
काकांचं सोळा आणे खरं. माझ्याकडेही जाड कामावरच व्हायचं. आता मी पायाची दांडी खाली केली की बोटानं एकदा दाबून पाहते, मगच मोटरच्या पायडलवर पाय ठेवते.

एक भर घालते. सुरुवातीच्या चार टाक्यांना वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे मागे ओढून डाव्या हातात धरायचे. आणि सुरू करताना दुसरी, ती दोरा ओढणारी वरखाली होणारी दांडी सगळ्यात वर पाहिजे. ती अर्ध्यात असेल तर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो, नाही तर खाली गुंता होतो. यासाठी चाक हातानं आपल्याकडे फिरवून आणायचं. उलटं फिरवलं की गुंता ठरलेला.

निळं लुगडं
जाळ्याचं काका बघतीलच. मला वेगळं विचारायचं आहे, सहा थर मशीनवर घालताच कशाला? सासऱ्यांची गोधडी हातानं घ्या. मशीनच्या गोधडीला ओळी फार दाट पडल्या की ती पुठ्ठ्यासारखी होते, अंगावर पडत नाही, उभी राहते. हाताचा धावदोरा कापडाला सैल ठेवतो. आमच्याकडे वर्ध्याला अजून उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन घरच्या बाया एका पडवीत बसतात, एकेक कोपरा वाटून घेतात. बोलता बोलता एक बाजू होऊन जाते.

सरकी
निळं लुगडं, पडवी पाहिजे, बाया पाहिजेत, डोळे पाहिजेत. माझ्या घरी तिन्ही नाहीत. मशीनची गोधडी ही गोधडीच नाही, असं म्हणणार असाल तर भांडण होईल.

निळं लुगडं
नाही गं बाई, भांडत नाही. सहा थरांपुरतं बोलले. तीन-चार थर असतील तर मशीन चांगलीच की.

पायमशीन
दोघीबी बराबर हाय. आता ताईनं हे करून पाह्यावं. वर लाल दोरा, बॉबीनमंदी पांढरा. ज्या कामात जाळं पडते त्याच कामाची चिंधी घ्या, तेवढेच थर. बोटभर शिवा, मंग दोन्हीकून पाहा.

वरून लालच दिसला अन खालून पांढराच, तं गाठ थराइच्या मंदात बसली, मशीन ठीक हाय. खालून लाल ठिपके नाही तं लाल फास दिसले, तं वरचा दोरा ढिला. वरून लाल दोरा सरळ रेघीसारखा पडला अन पांढरे ठिपके दिसले, तं वरचा लय कसला, नाही तं खालचा ढिला. आधी वरच्या टेन्शनचं बटन अर्धा फेरा फिरवून पाहा. खालच्या स्क्रूले शेवटी हात लावायचा, अन तोबी पाव फेरा. बॉबीन केस दोऱ्याले धरून लटकवा. आपल्या वजनानं खाली नाही आली पाह्यजे, पण हाताले झटका देला का थोडीशी उतरली पाह्यजे. तेवढा ताण पुष्कळ झाला.

अन ओवायच्या आधी चकत्या साफ करा. पाय वर उचला, सुती कापडाची पट्टी दोन चकत्याइमंदातून दाताले दोरा लावतो तशी फिरवा. काय निंघते ते इथं सांगा.

वेचणीवाली
काय निघालं सांगते. चकत्यांमधून रुईचा करडा लोळ निघाला, चपटा दबलेला, कडेला लाल-निळे तंतू. आईच्या लुगड्यांचाच रंग. तो काढून पाय वर ठेवून दोरा ओवला तर हाताला लगेच ओढ जाणवली. आधी दोरा नुसता सळसळत यायचा, आता थोडा अडून येतो.

मग बॉबीन केस उघडली. बाहेरच्या बाजूला जी पातळ पत्ती असते, तिच्याखालून दोरा जातो, तिथेही रुईची गुठळी. टाचणीच्या टोकानं हळूच काढली. शटलच्या खोबणीत तर तेल आणि रुई मिळून पेंड झाली होती.

लाल-पांढरं करून पाहिलं. चार थरांवर खालून लाल ठिपके होते, वरचं बटन थोडं आवळल्यावर गेले. जाळं पडणं थांबलं! काका, तुमचे उपकार. पण आता दुसरंच सुरू झालं. जिथे लुगड्याचा काठ येतो तिथे टाका सुटतो. दोन-तीन बोटं नुसता वरचा दोरा लांब पडून राहतो. आणि एकदा सुईही मोडली.

दाभण
टाका सुटणं हे बहुतेक वेळा सुईचं दुखणं. कोणती लावली आहे? १४ नंबर असेल तर ती दोन-तीन थरांच्या कामाला. चार सुती थरांना १६, त्याहून जाड असेल तर १८. पाकिटावर १००/१६ असं लिहिलेलं असतं, त्यातलं १०० म्हणजे सुईची जाडी १ मिलिमीटर, आणि ९०/१४ ची ०.९. हा एवढासा फरक काठावर कळतो. बारीक सुई जाड जागी वाकते, शटलच्या टोकापासून दूर जाते, आणि टोकाला फास सापडत नाही. टाका सुटला. फारच वाकली तर खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते.

मोडली म्हणता, तर त्या पत्र्याच्या भोकावर नखाची कड फिरवून बघा. ओरखडा लागला तर बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाहीतर दोरा तिथेच कापला जाईल आणि तुम्ही पुन्हा टेन्शनला दोष द्याल.

घरगुती मशीनच्या सुईची मूठ एका बाजूनं चपटी असते. दुसऱ्या बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूनं आत जातो आणि चपट्या बाजूनं बाहेर पडतो. सुई उलटी बसली किंवा पूर्ण वर ढकलली गेली नाही, तरी टाका सुटतो. आणि दोरा सुईच्या नेढ्याला जड होत नाही ना ते पाहायला एक सोपा उपाय: हातभर दोरा तिरपा ताणून धरा आणि सुई त्यावर सोडा. आपणहून घसरत खाली आली तर जोडी जमली.

सरकी
काठ जरीचा असेल तर सुईचं टोक लवकर बोथट होतं. मी काठ आधीच उसवून बाजूला ठेवते आणि शेवटी वरून पट्टी म्हणून लावते. दिसायलाही छान दिसतं. नाहीच काढायचा असेल तर जाड जोडावर मोटर बंद करून चाक हातानं फिरवा, आणि पाय कुबडावर चढायच्या आधी त्याच्यामागे घडी केलेली चिंधी सरकवा, म्हणजे पाय सपाट राहतो. 

आणि एक विचारते, थरांमध्ये मध्येच एखादी नायलॉनची साडी घातली आहे का? जुन्या गाठोड्यात ती असतेच.

वेचणीवाली
आहे! बरोबर ओळखलंत. जांभळ्या फुलांची, आईला भाच्याच्या लग्नात मिळालेली. तिला सुती लुगड्यांच्या मधोमध घातली होती, म्हटलं आत राहील, दिसणार नाही.

निळं लुगडं
काढून टाक. ती आतल्या आत घसरते, वरचे थर ओढून घेते. आणि आपल्या भागात मे महिन्यात ते अंगाखाली सहन होत नाही, सगळी गोधडी सुती असून मध्ये एक थर गरम. आईची आठवण म्हणून ठेवायचीच असेल तर तिचा एक हात लांबीचा तुकडा वर फुलांसकट लाव.

धानपट्टी
जरा उशिरा आलो धाग्यावर. आम्ही भंडाऱ्याकडचे, इकडे कापूस नाही, पण घरी बायको शिवते आणि मशीनचं तेल-पाणी माझ्याकडे आहे. एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की सुती दोरा जास्त तुटतो. सुती धागा ओला असला की मजबूत होतो, कोरडा पडला की ठिसूळ. आमचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. ती मिल टाटांनी १८७७ साली सुरू केली. आजोबा सांगायचे, सूतखात्यात हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर दिवसभर तुटलेलं सूत जोडत बसा.

म्हणून उन्हाळ्यात सुती दोऱ्याचं रीळ खिडकीत उन्हात राहू देऊ नका. माठाजवळच्या कोनाड्यात ठेवा. आणि जुनं रीळ असेल तर हातात धरून झटका द्या, कापसासारखा तुटला तर हाताच्या टाक्यालाही घेऊ नका, फेका. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला कोरड्या हवेचा हा त्रास नाही, पण त्याचा वेगळा आहे. तो गुळगुळीत असतो, रिळावरून आपोआप सुटून खालच्या खिळ्याला गुंडाळला जातो आणि मग तटकन तुटतो. कूलरचा झोत मशीनवर असेल तर हे हमखास होते. मोठी कोन असेल तर ती मशीनच्या मागे एका स्टीलच्या पेल्यात उभी ठेवा आणि दोरा वरून घ्या.

पायमशीन
भाऊ, कूलरचं बराबर बोलले. पण कूलर मशीनच्या लय जवळ नका ठेवू, तुषार उडतात अन शटलले जंग चढते. एवढा कापूस पिकवतो आपून, जिनिंगा गावोगावी, अन दोऱ्याचं रीळ मात्र दुकानातून बाहेरगावचंच घ्या लागते. असो, हे गाऱ्हाणं इथं कशाले.

बॉबीन भरतानी पॉलिएस्टर दोरा मोटरच्या फुल जोरानं भरू नका. तो ताणल्या जाते, शिवल्यावर परत आकसते, अन चुण्या पडतात. ताईच्या दुपट्यावर चुण्या पडत होत्या, त्याचं हेबी एक कारण असू शकते. अन जुन्या रंगाचा दोरा उरला त्याच्यावर नवा गुंडायची खोड असंन तं सोडा. बॉबीन रिकामी करून भरा, अन काठोकाठ नका भरू.

वेचणीवाली
चुण्या पॉलिएस्टरच्याच होत्या. हळू भरून पाहिलं, बऱ्याच गेल्या. १६ नंबरची सुई घातली, काठावरचे टाके पण आता पडतात. नायलॉनची साडी काढली. म्हणजे जाळ्याचा प्रश्न मिटला असं समजा.

पण आता दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घालेल का? चार कामं. दुपटं काढलं की गोधडी, गोधडी काढली की चौकटी. दर वेळी मशीनची मिजास वेगळी. काल संध्याकाळी चौकटी जोडायला घेतल्या तर टाका परत बिघडला, कारण गोधडीसाठी बटन आवळलं होतं.

दाभण
तुमचं दोऱ्याचं दुखणं आणि कामांचं दुखणं एकच आहे, ते वेगळं करू नका. मशीन एक, कामं चार, प्रत्येकाची जाडी वेगळी. तुम्ही आज मन लागलं म्हणून दुपटं, उद्या काकू आल्या म्हणून चौकटी, असं करता. प्रत्येक वेळी सुई, टेन्शन, टाक्याची लांबी, पायाचा दाब बदलतो, आणि एखादं राहून जातं. मग खाली जाळं पडतं आणि तुम्ही बॉबीन केस उघडून बसता.

मी कामं माणसावर नाही लावत, जाडीवर लावते. आधी सगळी पातळ: दुपटी, चौकटींचे जोड, काठाच्या पट्ट्या. १४ नंबरची सुई, टाका बारीक, एकदाच जुळवलं की ती सगळी एका पाठोपाठ. त्यात कोणाची आहेत ते पाहायचं नाही. मग सुई बदलली, टाका लांब केला, पायाचा दाब सैल केला (तोंडाच्या वरच्या बाजूला असतो तो स्क्रू, जाड कामाला थोडा ढिला करायचा, नाहीतर वरचा थर पुढे पुढे ढकलला जातो आणि शेवटाला फुगा येतो), आणि मग जाड. बाळाची तारीख जवळ आहे, पातळ आधी घेतलं की तेही जुळतं.

प्रत्येक कामाचं गाठोडं वेगळं बांधते, आणि त्यात त्याच कामाची एक चिंधी ठेवते: तेवढेच थर, तोच दोरा. तिच्यावर टाका जमला की पेननं लिहायचं, सुई किती नंबरची, बटन कोणत्या आकड्यावर, टाका किती. तुमच्या जुन्या मशीनवर आकडे घासून गेले असतील तर नेलपॉलिशचा ठिपका लावा. पुन्हा ते गाठोडं उघडलं की आधी चिंधी, मग काम. माझ्याकडे जुन्या कामांच्या चिंध्यांची एक दोरी भरून झाली आहे, नवीन काही आलं की तिच्यातूनच शोधते.

निळं लुगडं
हे चांगलं आहे. मी एक जोडते. मशीन आणि हात यांचीही वाटणी करून टाक. वीज असते तेव्हा मोटरचं काम. वीज गेली की कच्चे टाके, तुरपाई, सुईत दोरे ओवून ठेवणं. दुपारी उजेड चांगला असतो तेव्हा कापणी. रात्री काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं बसू नये, एवढं माझं ऐक.

हाताला दोरा गुंतत असेल तर दोन हातांपेक्षा लांब घेऊ नकोस. रिळातून सुटलेलं टोक सुईत घाल आणि कापलेल्या टोकाला गाठ मार. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून घेतला की वळ्या पडत नाहीत.

वेचणीवाली
दाभणताई, तुम्ही माझ्या घरात बसून पाहिल्यासारखं लिहिलंत. चिंध्या आजच करते. सासऱ्यांची सहा थरांची हातानं घेते, सासूबाई आणि शेजारच्या दोघी बसायला तयार आहेत, फक्त चहा माझा.

राहिली आईची मोठी. डबल पलंगाची पाहिजे म्हणते धाकटी, ९० इंच बाय ८४. मशीनच्या आडव्या हाताखाली वीतभरही जागा नाही. एवढी गुंडाळी तिथून जाणार कशी?

निळं लुगडं
आधी कापडाचा हिशोब. नऊवारी म्हणजे ३२४ इंच. ८४-८४ चे दोन तुकडे कापले, पन्हा साधारण ४५ इंचाचा, तर शेजारी-शेजारी लावून ९० बाय ८४ चा एक थर झाला. १६८ इंच गेले, १५६ उरले, म्हणजे सव्वाचार वारांच्या थोडं वर. त्यातून ८४ चा आणखी एक तुकडा निघतो. दोन लुगड्यांत तीन थर होतात, आणि वर दोन-दोन वारांचे दोन तुकडे उरतात ते ठिगळांना. चार थर पाहिजेत तर तिसरं लुगडं काढ. पण आधी सगळी धुऊन घे, खळ राहिली असेल तर नंतर आकसतं.

दाभण
आणि म्हणूनच ती एकसंध शिवू नका. पन्हा ४५ आहे ना, मग ४५ बाय ८४ चे दोन भाग वेगवेगळे पूर्ण शिवा आणि शेवटी जोडा. एका भागात मधल्या रेषेपासून सुरू करून कडेकडे जायचं. म्हणजे हाताखाली एका वेळी जास्तीत जास्त बावीस-तेवीस इंच कापडाची गुंडाळी राहते, तीही सैल. ती मावते. पूर्ण गोधडी घातली तर ४५ इंच आत कोंबावे लागले असते.

शिवायच्या आधी मधून बाहेर असे मोठे कच्चे टाके घाला, विताविताच्या अंतरावर. मधूनच का, तर हवा आणि चुण्या कडेला सरकत जातात. कडेपासून सुरू केलं तर सगळा फुगा मधोमध येतो.

जोडायच्या कडेला दोन्ही भागांत दीड-दोन इंच जागा न शिवता सोडा. वरचे थर समोरासमोर ठेवून मशीननं जोडा. मधले थर एकमेकांना भिडतील एवढे कापा, एकावर एक चढवू नका, नाहीतर अख्ख्या गोधडीच्या मधोमध वळ येईल आणि धाकटी त्याच्यावरच झोपेल. मागचा थर दुमडून हातानं तुरपाई. मग जोडाच्या दोन्ही बाजूंनी एकेक ओळ मशीननं.

पायमशीन
एवढ्या जाडीवर टाका लांब ठेवजा. बारीक टाका जुन्या लुगड्याले कापते, धुतल्यावर त्याच रेघीत फाटते. अन गोधडीचा भार मशीनवरून खाली लटकू देऊ नका, सुई वढल्या जाते. बाजूले खाट नाही तं स्टूल लावा, त्याच्यावर गोधडी पसरू द्या. मी तं दुकानात नेहमी एक बाक लावूनच ठेवत होतो.

सरकी
चौकटींवाल्या काकूंचं काय केलंत शेवटी?

वेचणीवाली
चौकटी पातळ कामांच्या रांगेत जोडून टाकल्या, वरचा थर तयार आहे. थर भरणं आणि शिवणं दिवाळीनंतर, वेचणी आटोपली की. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग मी दुसरीकडून करून घेते.’ तासाभरानं परत आल्या, म्हणाल्या, राहू दे, तूच कर. दुपटी झाली, बाळाची गोधडी निम्मी झाली.

आईच्या एका लुगड्याचा लाल काठ आहे, तो बाकीच्यांना रंग लावेल का हो? आणि काका, मशीनला खोबरेल चालतं का? घरात तेच आहे.

निळं लुगडं
काठाचा कोपरा ओला कर, पांढरी चिंधी वर ठेवून अंगठ्यानं दाब. लाल उतरला तर तो काठ आत घालू नकोस, कडेलाही लावू नकोस. शिवून झाल्यावर कळलं तर काही करता येत नाही.

पायमशीन
खोबरेल बिलकूल नाही ताई. गोडं तेलबी नाही. दोन्ही तेलं कालांतरानं चिकट होऊन बसतात, थंडीत तं खोबरेल गोठते, अन मशीन जड होते. शिलाई मशीनचं पांढरं तेल येते, ते घ्या. शटलच्या खोबणीत एकच थेंब, पहिले रुई झटकून मंग. तेल घातल्यावर फालतू चिंधीवर शिवून पाह्यजा, डाग पडणं बंद झालं का मंग आईची लुगडी घ्या.

वेचणीवाली
बरं. बाजाराच्या दिवशी पांढरं तेल आणते, तोवर मोठीचे कच्चे टाके घालून ठेवते.

धानपट्टी
१८ नंबरची दोन पाकिटं पण घेऊन ठेवा बाजारातून, आमच्याकडे तर सीझनला संपून जातात.